पान आड आलंय

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण साताऱ्यातल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतो. कुणी बँकेतून निवृत्त झालेला, कुणी शाळेत भूगोल शिकवणाऱ्या, कुणाचे मोटारीच्या सुट्या भागांचे दुकान. पोट कुणाचेच कॅमेऱ्यावर नाही. प्रत्येकाने आपला एक फोटो कागदावर छापून आणायचा, तो टेबलावर भिंतीला टेकवून उभा करायचा आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचे, एवढाच कार्यक्रम. मोबाइलवर दाखवलेला फोटो चालत नाही, कारण मोबाइलवर सगळेच छान दिसते. हा परिपाठ १९ वर्षे चालू आहे आणि त्यांतली निदान १५ वर्षे त्या खोलीत मी ‘जाणकार’ म्हणून वावरलो. जाणकार म्हणजे ज्याला दुसऱ्याच्या फोटोतली चूक सर्वांआधी दिसते तो.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमच्यातला सर्वांत तरुण सभासद एक फोटो घेऊन आला. औषधांच्या दुकानात नोकरी, हप्त्याने घेतलेला कॅमेरा, कुणाकडून तरी मिळालेली जुनी टेलीलेन्स. गावाबाहेर ओढ्याकाठच्या आंब्यावर त्याला स्वर्गीय नर्तकाचे घरटे सापडले होते. पेल्याएवढे घरटे, त्यात बसलेला पांढराशुभ्र नर आणि खाली लोंबणारी त्याची दोन लांब पिसे. फोटो खरोखरच चांगला होता. फक्त आंब्याचे एक पान पक्ष्याच्या छातीवर आडवे आले होते. मी नेहमीप्रमाणे चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणालो, “सगळं झकास आहे. पण पान आड आलंय.”

जूनच्या बैठकीत तो त्याच घरट्याचा दुसरा फोटो घेऊन आला. आता त्यात पिल्ले होती. तीन उघड्या चोची, वर वाकलेला नर आणि मागे एकसारखी हिरवी पार्श्वभूमी. आड एक काडी नाही. खोलीत टाळ्या झाल्या. मीही म्हणालो, “याला म्हणतात पार्श्वभूमी!”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याच्याबरोबर ती जागा पाहायला गेलो. आंब्याच्या खोडाला चीक ओघळून वाळला होता. घरट्यासमोरच्या दोन डहाळ्या कापलेल्या होत्या. घरटे एका बाजूने सुटून लोंबत होते आणि रिकामे होते. तीन दिवसांपूर्वी पिल्लांना धड पिसेही फुटली नव्हती, तेव्हा ती उडून गेली असण्याचा प्रश्नच नव्हता. मी त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, “काका, मागच्या महिन्यात तुम्हीच म्हणालात ना, पान आड आलंय.”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. सांगितलेला गृहपाठ करून आणलेल्या मुलाचा तो आवाज होता. घरटे नेमके कशाने उजाडले हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कावळा असेल, भारद्वाज असेल, साप असेल. पावसाळ्याच्या तोंडावर घरटी एरवीही उजाडतात. पण ते पान जागेवर असते तर घरट्यावर सावली राहिली असती आणि वरून जाणाऱ्या कावळ्याला ते दिसणे कठीण गेले असते, एवढे मला कळत होते. आणि ते पान माझ्या एका वाक्याने गेले होते.

त्यानंतर मी एक उद्योग केला. हौशी छायाचित्रकार एकमेकांच्या फोटोंवर जे बोलतात ते कुठून आले, याचा जमेल तसा माग काढला. हा लेख म्हणजे त्याचीच मांडणी आहे.

हौशींची जुनी बैठक

आपल्याकडे ‘हौशी’ या शब्दाला थोडा कमीपणाचा वास आहे. हौशी नट, हौशी गायक म्हणजे कच्चे काम असे आपण धरून चालतो. इंग्रजीतल्या ‘अ‍ॅमॅच्युअर’ शब्दाच्या मुळाशी मात्र लॅटिनमधला ‘प्रेम करणे’ हा धातू आहे, आणि आपल्या ‘हौस’मध्येही ओढ आहेच. छायाचित्रणाची वाढ मुख्यतः या ओढीवर झाली. छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला. लंडनमध्ये छायाचित्रकारांची संस्था निघाली १८५३ मध्ये आणि दुसऱ्याच वर्षी, ऑक्टोबर १८५४ मध्ये, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः चांगले छायाचित्रकार होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे छायाचित्रकार तयार झाले. १८५६ पासून जॉन्सन आणि हेंडरसन यांनी मुंबईतून छायाचित्रांची जी मालिका काढली तिच्या नावातच ‘इंडियन अ‍ॅमॅच्युअर्स’ हे शब्द होते. नाव मिरवायचे होते ते हौशीपणाचे.

त्या काळी छायाचित्र काढणे म्हणजे रसायनशाळा पाठीवर घेऊन हिंडणे. कागद किंवा काच स्वतः लेपायची, प्रकाश दाखवायचा, लगेच धुवायची. मुंबईच्या दमट हवेत यातले काहीही कधीही बिघडे. अशा वेळी दुसऱ्याचे चित्र पाहणे म्हणजे त्याची कृती तपासणे. डाग कशाने पडला, आकाश पांढरेफटक का आले, हेच प्रश्न. चूक शोधणारी नजर ही छायाचित्रणात अशी पहिल्यापासून आहे आणि तिच्यात वावगे काही नाही. आज आम्ही ‘फोकस चुकलाय’, ‘क्षितिज कललंय’, ‘पांढऱ्या पिसांतला तपशील उडालाय’ असे म्हणतो तेव्हा त्याच परंपरेतले काम करत असतो. या चुका मोजता येतात. उडत्या पक्ष्याला शटर एक हजारांश सेकंद किंवा त्याहून वेगवान लागते, हे मत नव्हे, अनुभवाचा हिशेब आहे. पांढऱ्या नर्तकावर कॅमेऱ्याचा स्वयंचलित मापक फसतो. सावलीत, गडद पानांपुढे, तो सगळी चौकट उजळ करायला जातो आणि पांढरी पिसे जळतात. तिथे एक्स्पोजर हाताने कमी करावे लागते. असा सल्ला नवशिक्याला वर्षभराची पायपीट वाचवतो.

घोटाळा पुढे होतो. मोजता येणाऱ्या चुकांच्याच सुरात आम्ही न मोजता येणाऱ्या गोष्टींवरही निकाल देऊ लागतो.

घरट्यापाशी कॅमेरा का गेला

पक्ष्यांचे फोटो घरट्यावरच का काढले जात, याचे कारण शोधताना मला रिचर्ड आणि चेरी केर्टन हे इंग्रज बंधू भेटले. १८९२ मध्ये त्यांनी एका घरट्याचा अंड्यांसकट फोटो काढला आणि १८९५ मध्ये पक्ष्यांच्या घरट्यांवरचे त्यांचे पुस्तक निघाले, ते सर्वस्वी प्रत्यक्ष छायाचित्रांनी सजवलेले. त्या वेळचे कॅमेरे जड, काचा मंद, भिंगे आखूड. पक्षी काही हातांवर आल्याशिवाय चित्रात दिसणार नाही आणि पक्षी माणसाच्या इतक्या जवळ स्वतःहून पुन्हा पुन्हा येतो तो एकाच ठिकाणी, घरट्यापाशी. म्हणून घरटे. केर्टन बंधूंनी तर बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून त्याच्या पोटात कॅमेऱ्यासकट बसण्याची युक्ती केली होती. ही त्यांची गाजलेली लपण.

एरिक हॉस्किंग या मोठ्या पक्षी-छायाचित्रकाराचा एक डोळा १९३७ मध्ये घुबडाने घरट्याजवळ मारलेल्या झडपेत गेला. आपल्याकडे सालीम अलींबरोबर हिंडलेल्या लोके वान थो यांनीही घरट्यांसमोर लपण बांधून काम केले. त्या पिढीतल्या चांगल्या छायाचित्रकारांचा एक शिरस्ता असे. लपण रोज थोडी थोडी जवळ सरकवायची आणि आड येणारी फांदी तोडायची नाही. ती दोरीने बाजूला बांधायची आणि काम संपताच सोडायची. ती पाने पक्ष्याच्या संसाराची छपरे आहेत, हे त्यांना ठाऊक होते.

आता टेलीलेन्स स्वस्त झाल्या, कॅमेरे अंधुक उजेडातही चालतात. घरट्याजवळ जाण्याचे तांत्रिक कारण संपले. पण घरट्याच्या फोटोला मिळणारी वाहवा मात्र मागे राहिली, आणि दोरी बांधण्याचा शिरस्ता सुटला. म्हणूनच आपल्याकडच्या अनेक निसर्ग-छायाचित्रण स्पर्धा आता घरट्याचे फोटो स्वीकारतच नाहीत. आमच्या खोलीला हे कळायला एक घरटे जावे लागले.

फोटोत न दिसणारे

हौशी मंडळींची आणखी एक शाळा म्हणजे स्पर्धा आणि प्रदर्शने. १९५० मध्ये छायाचित्रकलेचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. त्याने मान्यता दिलेल्या प्रदर्शनांत निवडल्या गेलेल्या चित्रांवरून हौशी छायाचित्रकारांना पदव्या मिळतात. २०१४ मध्ये या महासंघाने अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या मोठ्या संस्थांबरोबर निसर्ग-छायाचित्राची एक सामायिक व्याख्या ठरवली. तिचा गाभा असा की, जाणत्या माणसाला चित्रातला विषय ओळखता आला पाहिजे आणि तो प्रामाणिकपणे मांडला आहे याची ग्वाही देता आली पाहिजे; चित्राच्या देखणेपणापेक्षा ते निसर्गाची कोणती हकिकत सांगते याला वजन जास्त; आणि कडा कापण्यापलीकडे चित्रात काही घालू नये, काढू नये.

ही व्याख्या मी अनेकदा वाचली. तिच्याप्रमाणे त्या तरुणाने संगणकावर पान पुसले असते तर फोटो बाद झाला असता. त्याने पान झाडावरूनच काढले आणि फोटोत त्याचा मागमूसही उरला नाही. कागदावर पाहणाऱ्या परीक्षकाला हे दिसणार कसे? लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या जगप्रसिद्ध स्पर्धेतही असे घडले आहे. २००९ चे सर्वोच्च पारितोषिक मिळवलेला फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याचा फोटो, तो लांडगा बहुधा माणसाळलेला होता असा निष्कर्ष निघाल्याने जानेवारी २०१० मध्ये अपात्र ठरला. २०१७ मध्ये विजयी ठरलेल्या एका फोटोतले मुंगीखाऊ हे भुसा भरलेले प्राणी-प्रतिरूप असल्याचे परीक्षकांचे मत झाले आणि पुढच्या वर्षी तोही बाद झाला. दोन्ही वेळा जगातले निवडक परीक्षक बसलेले होते. कमतरता त्यांच्या नजरेची नव्हती. निर्णायक गोष्ट चौकटीच्या बाहेर होती.

यातून मला एक उमगले. निसर्गाच्या फोटोवर बोलताना खोलीत दोन माणसे नसतात, तीन बाजू असतात. फोटो काढणारा, बोलणारा आणि ज्याचा फोटो काढला तो. तिसरी बाजू बैठकीला येत नाही, पण आमच्या वाक्यांचे परिणाम तिच्यापर्यंत पोचतात.

‘पुढे काहीतरी हवं’

हे फक्त पक्ष्यांपुरते नाही. निसर्गदृश्यांवर आमचा ठरलेला शेरा असतो, ‘पुढचा भाग रिकामा आहे, तिथं काहीतरी हवं’. शेरा चुकीचा नाही. रुंद कोनाच्या भिंगात दूरचे डोंगर बुटके होतात आणि जवळचे फूल मोठे होते. त्यामुळे कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवला की फुलापासून डोंगरापर्यंत नजर चालत जाते आणि सपाट कागदावर खोली येते.

आता हा सल्ला घेऊन आमच्या घरापासून २५ किलोमीटरवर असलेल्या कासच्या पठारावर चला. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदल्या गेल्या त्यांतली ही एक. सुमारे १२०० मीटर उंचीवरचा जांभ्याचा सडा आणि त्यावर मातीचा पातळ थर. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिथे तेरडा, कवला, गेंद, सीतेची आसवं यांचे गालिचे पडतात. सीतेची आसवं हे इवलेसे निळे-जांभळे फूल कीटकभक्षी वनस्पतीचे आहे. मातीत नत्र कमी, म्हणून ती ओल्या चिखलातले सूक्ष्म जीव पकडून गुजराण करते. यातल्या बऱ्याच वनस्पतींना काही आठवड्यांत फुलून बी धरायचे असते. पुढे काहीतरी हवे म्हणून वीतभर उंचीवर कॅमेरा धरायचा तर माणसाला पालथे झोपावे लागते. साडेपाच फुटी माणूस ओल्या गालिच्यावर झोपून उठला की त्याच्या आकाराची जागा त्या वर्षापुरती बी धरत नाही. अशा कित्येक फोटोंना आमच्या खोलीत मी ‘वा’ म्हटले आहे. झोपलेल्या माणसाचा ठसा कॅमेऱ्याच्या मागे असतो, त्यामुळे तोही कधी फोटोत येत नाही.

पुढचा भाग अंधारा असूनही थोर ठरलेले एक निसर्गदृश्य मला या संदर्भात आठवते. अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ या खेड्याजवळ चंद्रोदयाचा फोटो काढला. त्याला स्वतःला नेमके वर्ष आठवत नसे. पुढे खगोलशास्त्राच्या जाणकारांनी चंद्राच्या जागेवरून १ नोव्हेंबर १९४१ ही तारीख काढली. संध्याकाळचा शेवटचा उजेड दफनभूमीतल्या क्रुसांवर होता, प्रकाशमापक सापडेना. चंद्राची तेजस्विता पाठ होती, तिच्यावरून त्याने अंदाज बांधला. एक फोटो झाला आणि दुसरा घेण्याआधी क्रुसांवरचा उजेड गेला. निगेटिव्हचा खालचा भाग दुबळा आला होता. १९४८ मध्ये त्याने तो रसायनाने काहीसा सुधारला आणि पुढे अनेक दशके त्याच निगेटिव्हवरून निरनिराळे प्रिंट काढत राहिला. आधीच्या प्रिंटांत आकाशात ढगांच्या रेषा दिसतात, नंतरच्यांत ते जवळजवळ काळे होत गेले. अ‍ॅडम्स मुळात पियानो शिकलेला. निगेटिव्ह म्हणजे लिहिलेली स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचे वादन, असे तो मानी. आमच्या खोलीत ती निगेटिव्ह आली असती तर मी काय म्हटले असते, ते मला माहीत आहे. ‘खालचा भाग अंडर आहे.’ ते खरेही होते. पण त्याने काय पाहिले होते, हे मी विचारले नसते.

मग बोलायचे कसे

त्या जूनपासून आम्ही पद्धत बदलली. एडमंड फेल्डमन या अमेरिकी कलाशिक्षकाने चित्र पाहण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. आधी वर्णन, मग रचनेचे पृथक्करण, मग अर्थ आणि सर्वांत शेवटी मूल्यमापन. आम्ही त्यातून आपल्या सोयीचे घेतले.

पहिली पाच मिनिटे फोटो काढणाऱ्याने गप्प बसायचे आणि इतरांनी फक्त काय दिसते ते सांगायचे. ‘छान’, ‘वाईट’ हे शब्द बंद. हे वाटते त्यापेक्षा अवघड आहे. पण फोटो काढणाऱ्याला यातूनच सर्वांत जास्त मिळते. त्याने धुक्यासाठी काढलेल्या फोटोत चौघांना आधी विजेची तार दिसली, तर कुणी ‘तार टाळायला हवी होती’ असे म्हणण्याची गरज उरत नाही.

मग प्रश्न. कुठे उभा होतास, किती वेळ होतास, काय पाहून थांबलास, आणि जागा सोडलीस तेव्हा ती होती तशीच होती का? शेवटचा प्रश्न आम्ही सगळ्यांना विचारतो, अगदी सूर्यास्ताच्या फोटोलाही, म्हणजे तो आरोप वाटत नाही.

त्यानंतर तांत्रिक दोष, कारणासकट. ‘फोटो हललाय’ एवढे सांगून भागत नाही. शटर मंद होते म्हणून हलला की हात हलला म्हणून, हे कागदावर बहुतेक वेळा ओळखता येते. सगळेच थोडे थोडे पुसट असेल तर हात; पक्षी पुसट आणि फांदी स्पष्ट असेल तर पक्षी हलला.

आणि शेवटी सल्ला. त्याला एकच अट. तो पाळताना समोरच्याला छायाचित्रणाची स्वतःची बाजू बदलता आली पाहिजे, समोरच्या जिवाची नव्हे. ‘दोन पावलं डावीकडे’, ‘उद्या सकाळी सातला ये’, ‘वारा पडेपर्यंत थांब’ हे सल्ले चालतात. ‘पान आड आलंय’ हा सल्ला नाही. त्यात काय करायचे ते सांगितलेलेच नसते, आणि ऐकणारा त्याला सुचेल तो उपाय करतो.

मला या निमित्ताने ‘अभिप्राय’ या शब्दाकडेही नव्याने पाहावे लागले. आपण तो मत या अर्थाने वापरतो. संस्कृतात त्याचा अर्थ हेतू, मनातला आशय असा आहे. दुसऱ्याच्या फोटोवर अभिप्राय द्यायचा तर आधी त्याचा अभिप्राय कळायला हवा.

तो तरुण त्यानंतर बरेच महिने बैठकीला आला नाही. त्याच्या दुकानात मी दोनदा गेलो. गोळ्या घेतल्या, पैसे दिले, बोलणे झाले नाही. तिसऱ्यांदा मीच म्हणालो, “अरे, चूक माझी होती. मी अर्धंच बोललो.” तो म्हणाला, “काका, कात्री माझीच होती.” पुढच्या बैठकीला तो आला, पण हात रिकामे होते. कित्येक महिने तो नुसता येऊन बसायचा, इतरांच्या फोटोत काय दिसते ते सांगायचा आणि इतके बारकाईने सांगायचा की आम्हीच पुन्हा फोटोकडे पाहायचो.

पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याने त्याच ओढ्यावरचा फोटो आणला. पाण्यात सूर मारून करंजात येऊन बसलेली स्वर्गीय नर्तकाची मादी. पिसे ओली, विसकटलेली. घरट्याचा पत्ता नाही. तिचे अर्धे अंग पानांआड होते. आम्ही ठरल्याप्रमाणे जे दिसते ते सांगितले. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, “ती लपलेली दिसते आणि तरी निवांत दिसते.” मी विचारले, “किती वेळ बसला होतास?”

“पावणेतीन तास.”

“पान आड आलंय,” मी म्हणालो, आणि खोलीत एकदम शांतता झाली. “राहू दे ते. फक्त सावलीचा भाग जरा काळा झालाय. छापताना तेवढा उजळ कर.”

त्याने वहीत लिहून घेतले.